पडद्याच्या शेवटी सरकणारी नावं

टॉम आणि जेरी या मांजर-उंदराच्या जोडीच्या खात्यावर सात ऑस्कर जमा आहेत. १९४४ ते १९५३ या दहा वर्षांत कार्टूनच्या दुनियेत इतकं घवघवीत यश क्वचितच कुणाला मिळालं असेल. हे सातही लघुपट विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी केले. बार्बेरा यांनी गोष्ट आणि गमती रेखाटायच्या, हॅना यांनी वेळेचं गणित बसवायचं. तवा डोक्यावर आदळल्यावर टॉमचा चेहरा चपटा व्हायला किती फ्रेम लागाव्यात, हा प्रश्न हॅनांचा. सात वेळा नाव पुकारलं गेलं आणि सातही वेळा मंचावर चढले ते फ्रेड क्विम्बी. सिनेमे विकण्याच्या धंद्यातून एमजीएममध्ये आलेले हे गृहस्थ कार्टून विभागाचे निर्माते होते. पेन्सिल हातात धरायचा त्यांचा संबंध नव्हता, आणि विनोदाशीही फारशी ओळख नव्हती असं त्यांच्या हाताखालचे लोक नंतर सांगत. लघुपटाचा ऑस्कर निर्मात्याला द्यायची तेव्हाची रीत होती, त्यामुळे बाहुली त्यांच्या हाती जाई. हॅना-बार्बेरांना मंचावर बोलावलंच जात नसे.

वॉर्नर ब्रदर्समध्ये वेगळं काही नव्हतं. तिथले निर्माते एडवर्ड सेल्झर. चक जोन्स यांनी फ्रेंच धाटणीत प्रेमालाप करणाऱ्या एका स्कंकची कल्पना काढली, तेव्हा असल्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याला कोण हसणार, म्हणून सेल्झर यांनी नाकं मुरडली. जोन्सनी तरीही ते कार्टून केलं. १९५० साली त्याला ऑस्कर मिळाला आणि तो घ्यायला गेले सेल्झर. चक जोन्स पुढे आयुष्यभर हा किस्सा रंगवून सांगत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सांगितला असता.

ॲनिमेशनमधल्या ॲनी पुरस्कारांची हकीकत समजून घ्यायची तर ही पार्श्वभूमी डोक्यात असलेली बरी. लॉस एंजेलिसमध्ये दरवर्षी दिले जाणारे हे पुरस्कार आज 'ॲनिमेशनचे ऑस्कर' म्हणून ओळखले जातात. हे वर्णन मला अपुरं वाटतं, कारण ऑस्करने ज्यांना दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांच्यापैकीच एकीच्या डोक्यातून ॲनी निघाली.

तिचं नाव जून फोरे. मराठीत लिहिताना 'जूनबाई' म्हणायचा मोह होतो. १९१७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात त्यांचा जन्म झाला आणि २०१७ च्या जुलैमध्ये, शंभरीला काही आठवडे कमी असताना, त्या गेल्या. उंची जेमतेम पाच फूट. पण गळ्यातून चेटकीण, म्हातारी आजी, लहान मूल, रशियन थाटाची हेर आणि उडणारी खार, सगळे निघत. ट्वीटी आणि सिल्व्हेस्टरच्या कार्टूनमधली ती चष्मेवाली आजी त्यांच्याच आवाजात बोले. बग्स बनीला कढईत घालू पाहणारी चेटकीण विच हेझल त्यांचीच. १९५९ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेतली रॉकी ही उडणारी खार आणि तिच्या मागे लागलेली नताशा, म्हणजे नायक आणि खलनायिका, दोघांचाही आवाज जूनबाईंचा! स्वतःशीच भांडण करून त्या पगार घेत, असं म्हणायला हरकत नाही.

पण वॉर्नरच्या त्या जुन्या कार्टूनच्या सुरुवातीच्या पाट्या वाचल्या तर त्यांत जून फोरे सापडत नाहीत. आवाजासाठी तिथे एकच नाव झळकतं, मेल ब्लँक. यामागे एक करार आहे. ब्लँक यांनी स्टुडिओकडे पगारवाढ मागितली होती. मालकांनी पैसे द्यायला नकार दिला आणि त्या बदल्यात पडद्यावर नाव द्यायचं कबूल केलं. त्याला स्टुडिओचा एक पैसाही लागत नव्हता. करार ब्लँक यांच्यापुरता होता, त्यामुळे त्याच ध्वनिमुद्रण खोलीत त्याच माइकपुढे उभं राहून बोलणाऱ्या बाकीच्यांची नावं गाळली गेली. लोक पुढे जूनबाईंना 'बायकांमधले मेल ब्लँक' म्हणू लागले. त्यावर चक जोन्स यांनी ती तुलना उलटी फिरवल्याचं सांगतात. त्यांच्या मते मेल ब्लँक हे पुरुषांमधले जून फोरे होते.

ॲनिमेशन करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९६० मध्ये फ्रान्समधल्या ॲनसी इथे स्थापन झाली होती. आसिफा हे तिचं आद्याक्षरी नाव आणि कॅनडाचे नॉर्मन मॅक्लॅरन तिचे पहिले अध्यक्ष. तिच्या हॉलिवूड शाखेची उभारणी ज्यांनी केली त्यांत जूनबाई होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी शाखेपुढे एक साधी गोष्ट मांडली. सिनेमाला, नाटकाला, संगीताला पुरस्कार आहेत, मग आपल्या माणसांना का नाहीत? शाखेचे अध्यक्ष निक बोसुस्टो यांनी होकार दिला आणि १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'स्पोर्ट्समेन्स लॉज' या ठिकाणच्या मेजवानीच्या दालनात पहिला समारंभ झाला. लाल गालिचे नव्हते, कॅमेऱ्यांची रांग नव्हती. एका धंद्यातली माणसं जेवायला जमली आणि आपल्यातल्या थोरांचा त्यांनी सत्कार केला, एवढंच. आपल्याकडे एखाद्या नाट्यसंस्थेच्या स्नेहसंमेलनात जुन्या नटाला शाल-श्रीफळ देतात ना, साधारण तोच भाव.

नाव काय द्यायचं, हा प्रश्न जूनबाईंच्या यजमानांनी सोडवला. होबार्ट डोनव्हन हे लेखक होते. 'ॲनिमेशन'ची पहिली दोन अक्षरं उचलून त्यांनी सुचवलं, 'ॲनी' म्हणा. ऑस्कर, टोनी, एमी अशा घरच्यासारख्या नावांच्या ओळीत ते नाव चपखल बसलं.

पहिला मान मिळाला मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांना. बेटी बूप त्यांच्या न्यू यॉर्कच्या स्टुडिओची. पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपाय मूळचा वर्तमानपत्री चित्रमालिकेतला, पण त्याला पडद्यावर आणलं त्यांनी, आणि सुपरमॅन पहिल्यांदा पडद्यावर उडाला तोही त्यांच्याच कार्टूनमध्ये. मॅक्स यांनी रोटोस्कोप नावाचं यंत्र बनवलं होतं. खऱ्या माणसाच्या चित्रीकरणाची एकेक फ्रेम काचेवर टाकायची आणि तिच्यावरून रेघ ओढायची, म्हणजे कार्टूनमधल्या आकृतीला माणसासारखी चाल मिळते. स्टुडिओ चालू असतानाच दोघा भावांचं बिनसलं, चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला स्टुडिओही पॅरामाउंटच्या ताब्यात गेला, आणि पुढे दोघांमधला अबोला काही सुटला नाही. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांची नावं ॲनीच्या यादीत मात्र पहिल्याच ओळीत शेजारी शेजारी बसली आहेत. मॅक्स त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. दुसऱ्या वर्षी वुडी वुडपेकरचे वॉल्टर लँट्झ यांची पाळी आली. त्यापुढच्या वर्षी टेक्स एव्हरी, फ्रिझ फ्रेलेंग आणि चक जोन्स. सेल्झर यांच्या खोलीत गेलेल्या ऑस्करचं दुःख त्या दिवशी थोडं तरी हलकं झालं असावं.

ॲनीच्या बाहुलीविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण पुरस्कारांच्या बाहुल्यांत माझी ही सगळ्यात आवडती आहे. ऑस्करचा तलवार धरलेला सोनेरी पुरुष सिनेमाविषयी काहीच सांगत नाही. ॲनी म्हणजे झोट्रोप. हे एकोणिसाव्या शतकातलं खेळणं. उभ्या डब्यासारखा गोल ढोल असतो आणि त्याच्या वरच्या अर्ध्या भागात ठरावीक अंतरावर उभ्या चिरा कापलेल्या असतात. आतल्या बाजूने कागदाची पट्टी लावतात. तिच्यावर समजा घोड्याची बारा चित्रं आहेत, प्रत्येकात पाय जरासे पुढे सरकलेले. ढोल फिरवायचा आणि चिरांतून पलीकडच्या बाजूला पाहायचं. घोडा दौडू लागतो.

गंमत चिरांमध्ये आहे. फिरत्या ढोलात वरून डोकावून पाहिलं तर नुसता राखाडी पट्टा दिसतो, सगळी चित्रं एकमेकांत कालवली जातात. चिरेतून पाहिलं की डोळ्याला एक चित्र क्षणभर दिसतं, मग अंधार, मग पुढचं चित्र. मधला तो अंधार नसेल तर हालचाल नाही. सिनेमाच्या प्रोजेक्टरची झडप हेच काम करते. घरी करून पाहायचं असेल तर बिस्किटांचा गोल पुठ्ठ्याचा डबा आणि ब्लेड पुरतं. चिरा अरुंद ठेवा. रुंद कापल्या की घोडा पुसट होतो, हे मी दोन डबे वाया घालवून शिकलो आहे.

जीवनगौरवासाठीच्या ॲनीला विन्झर मॅके यांचं नाव दिलेलं आहे. वर्तमानपत्रात चित्रं काढणाऱ्या या माणसाने १९१४ मध्ये 'गर्टी' नावाची डायनोसॉर पडद्यावर आणली आणि स्वतः रंगमंचावर तिच्या शेजारी चाबूक घेऊन उभं राहून तिला हुकूम सोडले. ती पाय उचले, रुसे, रडे, आणि मॅकेंनी फेकलेलं फळ गट्ट करी. त्यासाठी हजारो चित्रं लागली आणि त्या काळी पार्श्वभूमीही दर चित्रात नव्याने काढावी लागे. म्हणजे तेच डोंगर, तेच झाड, तीच क्षितिजाची रेघ, पुन्हा पुन्हा. हे काम मॅके यांच्या शेजारी राहणाऱ्या जॉन फिट्झसिमन्स या कलाशाखेच्या पोरसवदा विद्यार्थ्याने केलं. पार्श्वभूमी किंचित थरथरताना दिसते, ते त्याच्या हाताचं थरथरणं. मॅकेंच्या नावाचा पुरस्कार आहे. फिट्झसिमन्सच्या नावाचा नाही, आणि तो असावा असं मला फार वाटतं.

त्याच सुमाराला इकडे दादासाहेब फाळके काडेपेट्या घेऊन बसले होते. 'राजा हरिश्चंद्र'नंतर दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. काड्या मांडायच्या, एक फ्रेम घ्यायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक फ्रेम. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढही त्यांनी अशीच टिपली होती. अमेरिकेत चित्र हलत होतं आणि इथे काडी.

तंत्रातल्या नव्या शोधासाठीच्या ॲनीला अब आयवर्क्स यांचं नाव आहे. मिकी माउस म्हटलं की आपण डिस्ने म्हणतो. पण सुरुवातीच्या मिकीची चित्रं काढली ती आयवर्क्सनी. पुढे त्यांनी डिस्नेशी फारकत घेऊन स्वतःचा स्टुडिओ काढला, तो चालला नाही. ते परत आले आणि मग चित्रं काढायचं सोडून यंत्रांच्या मागे लागले. '१०१ डाल्मेशियन्स'मधल्या त्या असंख्य ठिपकेवाल्या पिल्लांना शक्य केलं ते कागदावरची पेन्सिलरेघ झेरॉक्सच्या पद्धतीने थेट पारदर्शक सेलवर उतरवण्याच्या तंत्राने. ते डिस्नेत बसवण्यात आयवर्क्सचा मोठा वाटा. नाहीतर एकेक ठिपका शाईने गिरवणाऱ्या बायकांच्या बोटांचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

वीस वर्षं ॲनी असे थोरामोठ्यांच्या सत्कारापुरते राहिले. १९९२ मध्ये सर्वोत्तम पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटासाठी स्पर्धा सुरू झाली आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट'ने ती पहिल्यांदा जिंकली. ऑस्करला हाच विभाग सुरू करायला आणखी दहा वर्षं लागली. २००१ सालच्या चित्रपटांपासून तो सुरू झाला आणि पहिला मान 'श्रेक'ला मिळाला. तो विभाग सुरू व्हावा म्हणून अकादमीच्या नियामक मंडळात वर्षानुवर्षं तगादा लावणाऱ्यांत जूनबाई आघाडीवर होत्या.

ॲनीचे विभाग हळूहळू वाढत तिसाच्या पुढे गेले आणि खरा फरक तिथेच पडला. स्टोरीबोर्डला वेगळा पुरस्कार, पात्राच्या रेखाटनाला वेगळा, पात्राला हालवणाऱ्याला वेगळा, धूर-पाणी-आगीच्या इफेक्टला वेगळा, संकलनाला, संगीताला, लेखनाला, आवाजाला वेगळा. हे वाचताना यादी वाटते. पण एका फ्रेमचा हिशेब मांडला की तिच्यातली माणसं दिसू लागतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दीड तासाच्या सिनेमाला १,२९,६०० फ्रेम. मोठ्या स्टुडिओत एक ॲनिमेटर आठवडाभर खपून जेमतेम काही सेकंदांची हालचाल तयार करतो. त्या काही सेकंदांत पात्र वळतं, थबकतं, भुवई उंचावतं, श्वास घेतं. प्रेक्षकाला वाटतं, पात्राने विचार केला. विचार केलेला असतो तो अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांपुढे बसलेल्या, बहुधा थंड झालेली कॉफी पिणाऱ्या एका माणसाने. बरेच ॲनिमेटर टेबलावर छोटा आरसाही ठेवतात आणि स्वतःच तोंड वेडंवाकडं करून पाहतात. त्यांना 'पेन्सिल घेतलेले नट' म्हणतात ते काही उगाच नाही.

आवाजाच्या ॲनीचा एक किस्सा इथे सांगून टाकतो. 'द इन्क्रेडिबल्स'मध्ये एडना मोड नावाची ठेंगणी, गोल चष्म्याची, फटकळ पोशाखकार आहे. तिचा आवाज दिला आहे दिग्दर्शक ब्रॅड बर्ड यांनी स्वतः. आवाजाचा ॲनी त्यांनाच मिळाला. त्याच्या तीन-चार वर्षं आधी तो 'श्रेक'मधल्या गाढवासाठी एडी मर्फी यांना मिळाला होता. ऑस्करमध्ये नुसत्या आवाजासाठी आजवर वेगळा विभाग नाही.

बर्ड यांच्याच पहिल्या सिनेमाने ॲनीची खरी ओळख पटवली असं मला वाटतं. 'द आयर्न जायंट' १९९९ च्या उन्हाळ्यात आला आणि आपटला. खर्च सुमारे सात कोटी डॉलर, अमेरिकेतला गल्ला जेमतेम सव्वादोन कोटींच्या आसपास. स्टुडिओने जाहिरातच धड केली नव्हती. शीतयुद्धाच्या काळात एका पोराला आकाशातून पडलेला लोखंडी राक्षस सापडतो, आणि शस्त्र म्हणून घडवलेला तो राक्षस शस्त्र व्हायचं नाकारतो, अशी ती गोष्ट. थिएटरं रिकामी होती, पण ॲनिमेशनवाल्यांनी सिनेमा पाहिला होता. त्या वर्षी त्याला नऊ ॲनी मिळाले. दोन वर्षं आधी 'कॅट्स डोन्ट डान्स' या अशाच पडलेल्या सिनेमाला त्यांनी सर्वोत्तम ठरवलं होतं. तिकीटबारीकडे पाठ करून बसायची ही सवय फार चांगली होती. आज 'आयर्न जायंट' अभिजात मानला जातो, तेव्हा सगळेच मान डोलावतात.

पण पुरस्कार म्हटला की राजकारण आलंच. आपल्याकडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या जुन्या निवडणुका आठवा. मतदार कोण, यादी कुणाकडे, किती मतं कुठल्या गावची, हीच चर्चा. ॲनीतही तेच झालं. आसिफाच्या हॉलिवूड शाखेचं सभासदत्व वर्गणी भरली की मिळे आणि सभासद झाला की मत. मग एखाद्या स्टुडिओने आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची वर्गणी भरली तर? ड्रीमवर्क्सबाबत नेमकी हीच कुजबुज होती.

२००९ च्या जानेवारीत ती कुजबुज मोठ्याने बोलली जाऊ लागली. ड्रीमवर्क्सच्या 'कुंग फू पांडा'ने जवळजवळ सगळे ॲनी गोळा केले. पिक्सारच्या 'वॉल-ई'ला आठ नामांकनं होती आणि हाती भोपळा. तीन-चार आठवड्यांत ऑस्कर 'वॉल-ई'ला मिळाला. 'पांडा' वाईट सिनेमा नाही, हे आधी स्पष्ट करतो. त्याची सुरुवातीची सपाट, रंगीत स्वप्नदृश्यं फारच देखणी आहेत. पण जवळपास अर्धा तास एकही संवाद न बोलता कचऱ्यातून प्रेमकथा उभी करणाऱ्या 'वॉल-ई'ला ॲनिमेशनच्या घरात एकही पुरस्कार नाही, हे माझ्याही पचनी पडलेलं नाही.

पिक्सारची मालक असलेल्या डिस्नेने मतदानाचे नियम बदला असा आग्रह धरला. संघटनेने वैयक्तिक कामगिरीच्या विभागांत मत फक्त व्यावसायिक सभासदांना देऊन पाहिलं. तेवढ्याने समाधान झालं नाही आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये डिस्ने आणि पिक्सारने अंग काढून घेतलं. प्रवेशिका बंद, आर्थिक पाठबळही बंद. त्या वर्षी ड्रीमवर्क्सच्या 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'ने बाजी मारली आणि ऑस्कर गेला 'टॉय स्टोरी ३'ला. वर्षभराने डिस्ने परतलं. नियम आणखी कडक झाले आणि सर्वसाधारण वर्गणीदाराचं मत गेलं. या भांडणाचा एक फायदा झाला. हौशी चाहत्यांचा मेळावा की धंद्यातल्या लोकांचा निवाडा, यातलं आपण नेमकं काय, हे संघटनेला एकदाचं ठरवावं लागलं.

ॲनी आणि ऑस्कर अधूनमधून वेगळ्या वाटेने जातात तेव्हा बघायला मजा येते. २०१९ चा 'क्लाउस' घ्या. माद्रिदमध्ये सेर्जिओ पाब्लोस यांनी हाताने काढलेल्या चित्रांवर असा प्रकाश पाडला की ती संगणकावर घडवलेली वाटावीत. त्याला ॲनी, आणि ऑस्कर 'टॉय स्टोरी ४'ला. छोट्या निर्मात्यांसाठी ॲनीत स्वतंत्र चित्रपटांचा वेगळा विभाग २०१५ च्या सिनेमांपासून आला. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, एकही शब्द नसलेला 'फ्लो' तिथे जिंकला. मुख्य विभागात त्याच वर्षी 'द वाइल्ड रोबो'ने तब्बल नऊ ॲनी नेले. ऑस्कर मिळाला तो 'फ्लो'च्या काळ्या मांजराला.

आता माझी एक खोड सांगतो. सिनेमा संपला की मी उठत नाही. दिवे लागतात, झाडूवाले आत येतात, शेजारचे पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यांवरून वाट काढतात आणि मी शेवटच्या नावांकडे डोळे लावून बसतो. परदेशी सिनेमाच्या शेवटच्या चार मिनिटांत, फार बारीक अक्षरांत, एखाद्या भारतीय स्टुडिओच्या शीर्षकाखाली देशपांडे, जाधव, शेख, डिसोझा, पाटील असे सरकत जातात. मुंबईत मालाड-अंधेरीकडच्या काचेच्या इमारतींत आणि पुण्यातही हे काम गेली वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. तिकडच्या दिवसाला जुळवून घेत रात्री जागवायच्या, तिकडून आलेल्या सूचना वाचायच्या आणि वाघाच्या मिशीचा एक केस जास्त वाकला आहे तो सरळ करायचा.

वाघ उगाच आणला नाही. आंग ली यांच्या 'लाइफ ऑफ पाय'मधला रिचर्ड पार्कर हा वाघ बहुतेक दृश्यांत संगणकावर घडवलेला आहे. ऱ्हिदम अँड ह्यूज या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओने तो केला आणि त्यांची एक शाखा मुंबईत होती. खऱ्या वाघांचं चित्रीकरण समोर ठेवून आधी हाडांचा सापळा, त्यावर स्नायू, त्यावर सैल कातडी आणि शेवटी लाखो केस, असा तो वाघ आतून बाहेर बांधत आणला. वाघ पाऊल टाकतो तेव्हा खांद्याचं हाड वर येतं आणि कातडी त्याच्यावरून एक क्षण उशिरा घसरते. तो एक क्षण चुकला की भुसा भरलेलं जनावर दिसतं. होडी हलत असताना पंजावरचं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं, तेही दाखवावं लागतं. आणि एवढं करून वाघ गोड दिसता कामा नये. तो कार्टून झाला की सिनेमाच संपला.

२ फेब्रुवारी २०१३ च्या ॲनी समारंभात माणसांच्या सिनेमातल्या पात्राच्या ॲनिमेशनचा पुरस्कार या वाघाला मिळाला. त्यासाठी पाच नावं आहेत. एरिक डी बोअर, मॅट शमवे, ब्रायन वेल्स, मायकल होल्झल आणि, मराठी वाचकाची नजर ज्यावर थबकेल असं, विनायक पवार. बारीक अक्षरांत सरकून न जाता ठळकपणे जाहीर झालेलं हे नाव.

त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तेव्हा ऱ्हिदम अँड ह्यूजने दिवाळखोरी जाहीर केली. शेकडो लोकांना घरी बसवलं गेलं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला 'लाइफ ऑफ पाय'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचा ऑस्कर मिळाला. थिएटरबाहेर या धंद्यातले शेकडो लोक फलक घेऊन उभे होते. आत पुरस्कार घ्यायला मंचावर गेलेले बिल वेस्टनहोफर आभार मानून झाल्यावर आपल्या स्टुडिओच्या अडचणीविषयी बोलू लागले, तेवढ्यात वाद्यवृंदाने 'जॉज'मधल्या शार्कची धून सुरू केली. वेळ संपली की वक्त्याला हुसकावायला त्या रात्री हीच धून ठरली होती. मग माइकही बंद झाला. पुढच्या महिन्यात स्टुडिओ लिलावात निघाला आणि तो घेणारी कंपनी निघाली प्राणा स्टुडिओजशी संबंधित. प्राणाचं मोठं काम मुंबईत चालायचं.